चेलोची आंघोळ

त्यांनी माझ्या चेलोवर घागर रिकामी केली तेव्हा मी फाटकाशी उभी होते. फाटकाच्या आत नाही. फाटकाशी.

खंडेनवमीची सकाळ होती. त्या दिवशी घराघरांत हत्यारांची, अवजारांची पूजा होते, आणि गाण्याबजावण्याच्या घरात वाद्यांची. रावसाहेबांच्या अंगणात तुळशीजवळ पाट मांडले होते आणि पाटांवर चेलो आडवा घातला होता. ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगते. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. उभा केला तर माझ्या खांद्याला लागतो. खुर्चीवर बसायचं, गुडघ्यांच्या मधे धरायचा आणि गजानं वाजवायचा. आवाज जाड, पोटातून येणारा. सोलापुरात तो मी एकच पाहिला, आणि तो माझा होता.

भटजींनी आधी पळीनं गोमूत्र शिंपडलं. तेवढ्यावर भागेल असं मला वाटलं. मग गड्यानं आडाचं पाणी आणून दिलं. भटजींनी घागर उंचावर धरली, वाद्याला आपला हात लागू नये अशी. पाणी चेलोच्या पोटावर पडलं. पोटाला दोन लांबट भोकं असतात, आवाज बाहेर यायला. त्यांतून ते आत गेलं. आत डबडब झालेलं मला फाटकापर्यंत ऐकू आलं.

"पाणी नका घालू," मी म्हणाले. "सरसानं चिकटवलेला आहे तो. सुटेल."

रावसाहेब पायरीवर उभे होते. सोवळं नेसलेले, कपाळाला गंध. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. ते भटजींना म्हणाले, "तिला सांगा, काल तिनं जे केलं ते आम्ही निस्तरतोय."

मला सगळं ऐकू येत होतं. तरी मला सांगायला मधे माणूस लागला. आणि भटजींनीही मला काही सांगितलं नाही. त्यांनी दुसरी घागर मागितली.

गजाची लांब पेटी तेवढी माझ्याजवळ होती. ती मी रोज घरी न्यायची. ती छातीशी धरून मी बघत राहिले. गड्यानं हातांना धोतराचं पान गुंडाळून चेलो धरला, उचलला आणि अंगणाच्या मधोमध उन्हात नेऊन ठेवला. लवकर वाळावा म्हणून.

काल मी काय केलं होतं? त्यांच्या जाजमावर पाय ठेवला होता. एवढंच. पण ते नीट सांगायचं तर मागं जावं लागेल.

मी मांगाची. माझा बा सनई वाजवायचा आणि सनई नसेल तेव्हा घायपाताचे दोर वळायचा. मोठमोठ्या घरची लग्नं त्याच्या सनईवर लागली, आणि लग्नाचा मांडव त्यानं आतून कधी पाहिला नाही. मांडवाबाहेर, पाहुणे जोडे काढतात तिथं त्याची जागा. लहानपणी मी त्याच्याबरोबर जायची. पंगती उठल्यावर बुंदी मिळायची म्हणून मला ते आवडायचं. एकदा मी विचारलं, आपण बाहेर का बसतो? बा म्हणाला, "आत लई गरम हुतंय." मला ते खरं वाटलं. कितीतरी वर्षं खरं वाटत होतं.

आयनं मला मिशनच्या शाळेत घातलं. तिथं एक मडम गाणी शिकवायची. उंच, म्हातारी, पुस्तकातल्यासारखं मराठी बोलणारी. चेलो तिचा. बोटीतून आपल्या देशाहून आणलेला. प्रार्थनेला ती स्वतः बाजाची पेटी वाजवायची, आणि खालचा जाड सूर धरायला तिला कुणीतरी हवं होतं. तिनं वर्गातल्या सगळ्या पोरींचे हात उलटेपालटे करून पाहिले. माझे हात दोर वळून निबर झालेले. मी ते लपवत होते. मडमनं माझी बोटं एकेक करून दाबली आणि म्हणाली, "ही बोटं तारांना भिणार नाहीत."

पहिले काही महिने म्हैस अडल्यासारखा आवाज यायचा. वसतिगृहातल्या पोरी कानांत बोटं घालायच्या. आय एकदा भेटायला आली, तिनं मला वाजवताना पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "बाईच्या जातीनं आसं पाय फाकून बसायचं व्हय?" मडमही तशी बसत नसे. झग्यात तिरकी बसायची, वाद्य एका अंगाला घेऊन. तिच्या देशात बायकांनी तसंच बसायचं म्हणे. मी लुगड्याचा काष्टा मारलेली. मी सरळ बसले. मडम बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "तुझंच बरोबर आहे."

वाजवणं निम्मं आणि निगा निम्मी, असं ती म्हणायची. गजाला घोड्याच्या शेपटीचे केस असतात. वाजवण्याआधी त्यांवर राळ घासायची, नाहीतर गज नुसता घसरतो. वाजवून झालं की गजाचा ताण सैल करायचा. राळेची पांढरी भुकटी जुन्या मऊ धोतरानं पुसायची. गज पेटीत फार दिवस बंद ठेवायचा नाही, केसांना कसर लागते. पावसाळ्यात तारा ढिल्या पडतात, तेव्हा सारखा सूर लावायचा. पण खरी परीक्षा आमच्या उन्हाळ्याची. सोलापूरच्या वैशाखात घराची दारं आखडतात, तिथं पातळ फळीचं काय. करवंटीत ओलं फडकं ठेवून ती करवंटी मी चेलोच्या पेटीत ठेवायची, कोपऱ्यात, लाकडाला लागणार नाही अशी. फडकं सुकलं की पुन्हा ओलं. पाणी जवळ हवं, पण अंगाला लागता कामा नये. हे मडमनं मला इतक्यांदा सांगितलं की मी झोपेतही बडबडायची.

मडम भली होती. पण तिच्या टेबलावर मी कधी जेवले नाही. तिला ते सुचलं नाही आणि मला मागता आलं नाही. भल्या माणसांचंही असं असतं.

मग ती आजारी पडली आणि तिला मायदेशी पाठवायचं ठरलं. जायच्या दिवशी सगळी शाळा रांगेत उभी होती. तिनं चेलोची पेटी माझ्यासमोर उभी केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हा आता हिचा." मला वाटलं होतं मी आनंदानं वेडी होईन. टांगा वळला आणि मला एकदम पोरकं वाटलं.

कारण चेलोचा सूर खालचा. वरून पेटी किंवा व्हायोलिन गाणं सांगतं, चेलो खालून त्याला धरून चालतो. मडमनं मला खालचीच ओळ शिकवली होती. ती गेली तशी वरची ओळही गेली. नवीन आलेल्या मडमला गाण्याचा कंटाळा. मी शाळेतच लहान मुलींना मुळाक्षरं शिकवायला लागले. संध्याकाळी वर्ग रिकामे झाले की एक खुर्ची ओढून बसायची आणि खालची ओळ वाजवायची. वरचं गाणं मनात ऐकायची. पुढं पुढं मनातलंही पुसट व्हायला लागलं. अर्ध्या गाण्यांची एक गंमत असते, ती कुणाला ओळखू येत नाहीत. वाजवणाऱ्यालाही येत नाहीत हळूहळू.

सुट्टीत घरी नेला तर वस्तीतल्या बाया म्हणायच्या, "लई रडतंय की ह्ये." बा मात्र कान देऊन ऐकायचा. एकदा त्यानं सनई काढली आणि माझ्या सुराला लावून पाहिली. जमेना. त्यानं वर-खाली करून पाहिलं, मी तारा सैल करून पाहिल्या. नाहीच. "तुजं मडमचं हाय, माजं मांडवातलं," तो म्हणाला. "न्हाय जुळायचं." मग आम्ही दोघं आपापली वाद्यं पुसत बसलो. मिशनमध्ये मी मांगाची आणि मांगवाड्यात मी मडमची. मी कुणाचीच नव्हते.

अशात व्हायोलिनचे मास्तर आले. ते नवी पेठेत राहायचे. मुक्या सिनेमाच्या तंबूत पडद्यापुढं बसून वाजवणं हा त्यांचा धंदा. एका संध्याकाळी शाळेवरून जाताना त्यांनी माझं ऐकलं आणि सरळ वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. सडसडीत माणूस, काळी टोपी, बगलेत पेटी.

"हे अर्धंच वाजतंय," ते म्हणाले.

"अर्धंच येतं," मी म्हणाले.

त्यांनी व्हायोलिन काढलं. मला म्हणाले, तू वाजव, थांबू नकोस. मी माझी ओळ सुरू केली आणि ते वरून काहीतरी रचत गेले. मडमचं गाणं नव्हतं ते, त्यांचंच होतं. पण बसलं. माझी रोजची, कंटाळवाणी, खालची ओळ, आणि तिच्यावर पाय देऊन ते गाणं वर चढत होतं. मला रडू आलं. गज हातात होता म्हणून डोळे पुसता आले नाहीत. मास्तरांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

त्यांनी माझी जात विचारली नाही. मला वाटलं त्यांना माहीत आहे. त्यांना वाटलं मी ख्रिस्ती.

रावसाहेब वकील होते. त्यांच्या दिवाणखान्यात गाण्याचं मंडळ बसायचं. मास्तर मला तिथं घेऊन गेले. रावसाहेबांनी चेलोकडं कौतुकानं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "कुणाची तू?"

मी सांगितलं.

मास्तरांची मान खाली गेली. रावसाहेब शांतपणे म्हणाले, "मग ओसरीवर बस. दार उघडं ठेवू. ऐकू येईल." त्यांच्या आवाजात राग नव्हता. उन्हात बसू नकोस म्हणावं तसं म्हणाले. मला एक मोडकं स्टूल मिळालं, जोड्यांच्या शेजारी.

मी बसले. श्रावण गेला, भादवा गेला, मी तिथंच बसत होते. आत व्हायोलिन, पेटी, तबला, बाहेर मी. कारण मला वरची ओळ हवी होती. ती त्या दारातून बाहेर येत होती आणि मी तिला खालून धरत होते. बाकी सगळं मी नजरेआड केलं. चहा आत फिरायचा, माझ्यापर्यंत यायचा नाही, मला त्याचंही काही वाटेनासं झालं. मास्तर जाताना उंबऱ्यातून म्हणायचे, "आज छान झालं." त्या तीन शब्दांवर मी दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ गाठायची.

चेलो पाठीवर बांधून मी नवी पेठेतून निघाले की दुकानांच्या फळ्यांवरून लोक विचारायचे, "कुनाचं मडं घेऊन चाललीस गं?" म्हणून रावसाहेबांनी सांगितलं, वाद्य ओसरीच्या कोपऱ्यात राहू दे. ते मला उपकारासारखं वाटलं.

नवरात्रात, नवमीला मंडळाचा कार्यक्रम होता. आदल्या दिवशी, म्हणजे अष्टमीला, संध्याकाळी शेवटची तालीम. बाहेर रस्त्यावरून देवीची मिरवणूक चाललेली, संबळ आणि झांजा. आत कुणाला माझा सूर ऐकू येईना आणि मला त्यांचा. दोनदा गाणं मोडलं. तेव्हा मास्तर वैतागून म्हणाले, "आत ये तू. असं नाही चालायचं."

ते बोलले आणि बाकीचे थबकले. पण नको असं कुणी म्हणालं नाही. मी स्टूल उचललं आणि उंबरा ओलांडला. पाय जाजमावर ठेवले. मास्तर हाताच्या अंतरावर होते. त्यांच्या गजाची हालचाल मला दिसत होती, त्यांचा श्वास ऐकू येत होता. ते श्वास घेत आणि मला कळे आता सूर उचलायचा आहे. ओसरीवरून हे कधी कळलं नव्हतं. गाणं संपेपर्यंत मला माझी जात आठवली नाही. हे मी शपथेवर सांगते. इतका वेळ जात न आठवणं हे सुख काय असतं, ते ज्यांना कधीच आठवावी लागत नाही त्यांना कळायचं नाही.

संपलं तेव्हा रावसाहेब दारात उभे होते. कचेरीतून आलेले. मला काही बोलले नाहीत. गड्याला म्हणाले, "जाजम धुवायला काढ." आणि मग, "हे वाद्य उद्या पूजेला लागेल. इथंच राहू दे."

माझं लक्ष पहिल्या वाक्यावर राहिलं नाही, दुसऱ्यावर राहिलं. माझ्या चेलोची पूजा होणार. मी घरी जाऊन बाला सांगितलं, आयला सांगितलं. सकाळी सूर लावून द्यावा म्हणून गज घेऊन लवकर निघाले. पूजा फाटकातून दिसली तरी चालेल असं मनाशी ठरवूनच निघाले होते.

आणि पुढं काय पाहिलं ते सांगितलंच आहे.

आश्विनातलं ऊन. मी फाटकाशी उभीच. आत पूजेची तयारी चाललेली, केळीचे खांब, झेंडूच्या माळा. पेटीला, तबल्याला, व्हायोलिनला हळदकुंकू. त्यांच्यावर कुणी घागरी ओतल्या नाहीत. माझ्या चेलोच्या अंगावरून आधी वाफ निघाली. मग कड्याकड्यांनी पिवळट पाणी पाझरायला लागलं. तो सरस होता. मला दिसत होतं आणि मी काही करू शकत नव्हते, कारण माझ्या आणि त्याच्या मधे एक अंगण होतं.

दुपारी तो फुटला. आधी कुठंतरी बारीक कट् झालं. मग पाठीची फळी एका अंगानं सुटली आणि तारांच्या ओढीनं मान पुढं झुकली. तारा ज्या लाकडी घोडीवर टेकतात ती उडून तुळशीपाशी पडली. घरातली माणसं बाहेर आली. रावसाहेब आले. त्यांनी पाहिलं, आणि या वेळी ते माझ्याकडं बघून बोलले.

"बघ. मांगाचा हात त्याला सोसला नाही."

बायका चुकचुकल्या. भटजींनी मान हलवली. सगळ्यांना ते पटलं.

माझ्या कानांत काहीतरी बंद झालं. त्या वाद्याच्या तारा बकऱ्याच्या आतड्याच्या. त्याचा सरस जनावरांच्या कातड्याचा. त्याच्या गजाला घोड्याची शेपटी. हे सगळं त्यांना चालत होतं, त्याला ते माळ घालणार होते. ज्या हातानं वर्षानुवर्षं ओलं फडकं ठेवून त्याला उन्हापासून वाचवलं, तो हात तेवढा त्याला सोसला नाही. आणि मी त्यांच्या जोड्यांशेजारी बसून हे गोड मानून घेत आले होते. मला स्वतःचा इतका संताप आला की डोळ्यांपुढं अंगण हललं.

मी फाटक उघडलं आणि आत गेले.

कुणीतरी म्हणालं, "अगं ए." मी थांबले नाही. भटजी सोवळं सावरत मागं सरकले. मी तुळशीपाशी वाकून घोडी उचलली. सुटलेली फळी उचलली. चेलो पाठीशी घेतला, पदरानं आणि दोरीवरून ओढून काढलेल्या एका जुन्या चादरीनं बांधला. चादर रावसाहेबांची होती. ती त्यांना परत नको असणार हे मला माहीत होतं.

रावसाहेब म्हणाले, "आता सगळं अंगण पुन्हा धुवावं लागेल."

"धुवा," मी म्हणाले.

सबंध नवी पेठेतून तसाच नेला. त्या दिवशी कुणी मढ्याचं विचारलं नाही.

बानं चेलो पाहिला, सुटलेल्या कडेवरून बोट फिरवलं. मग चांभार गल्लीत जाऊन सरस घेऊन आला. जुना सरस त्यानं सुरीच्या पाठीनं खरवडला, नवा मंद आचेवर पातळ केला, फळ्या बसवल्या. त्या दाबून धरायला आमच्याकडं शिकंजे कुठले. त्यानं आपला दोर काढला. चेलोच्या अंगाभोवती दोर गुंडाळला, खाली चिंध्यांच्या घड्या दिल्या, मधे काठी घातली आणि पीळ देत गेला, बाजेला देतात तसा. दोर वळणाऱ्याचा हात, किती ओढायचं ते त्याला कळत होतं.

पीळ देता देता म्हणाला, "कशाला ग्येलीस आत?"

"त्यांनी बोलावलं म्हणून."

"त्येंनी बोलावलं तरी आपुन जायाचं नसतंय."

"मग कवा जायाचं, बा?"

त्यानं काठी आणखी एक वेढा फिरवली आणि बांधून टाकली.

चेलो उभा राहिला. पण जाड तारेवर गज टेकला की आत कुठंतरी घरघरतं. अजून घरघरतं.

दिवाळीनंतर मास्तर शाळेत आले. वाळले होते. बोलपट आले आणि तंबूतलं काम गेलं, असं म्हणाले. मग मूळ गोष्ट काढली. रावसाहेबांच्या मुलीचं लग्न. कलेक्टरसाहेब यायचे, आणखी गोरे पाहुणे यायचे. त्यांच्यासमोर वाद्यवृंद वाजवायचा. साहेबलोकांना चेलो ओळखीचा, त्यामुळं चेलो हवाच. नव्या तारा मुंबईहून मागवू.

"मी ओसरीवर बसणार नाही," मी म्हणाले.

"ओसरीवर नाही. आत. माझ्या शेजारी, खुर्चीवर."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. ते घाईघाईनं म्हणाले, "रावसाहेब सगळ्यांना सांगतील, ही मिशनची ख्रिस्ती बाई आहे. ख्रिस्ती माणूस खुर्चीवर बसलं तर कुणाची हरकत नसते."

"मी ख्रिस्ती नाही. मला अजून कुणी बाप्तिस्म्याच्या पाण्यात बुडवलेलं नाही."

"कुणाला कळणार आहे?"

"बाला कळेल."

त्या लग्नाची सनई बाकडंच होती. मांडवाबाहेर. मास्तरांना ते माहीत होतं, रावसाहेबांनाही माहीत होतं, कारण पुढचं वाक्य मास्तरांनी पाठ करून आणल्यासारखं म्हटलं. "त्याला निरोप जाईल. तुझ्याकडं बघायचं नाही, हाक मारायची नाही. तूही ओळख दाखवायची नाही. एवढंच."

एवढंच.

मला जायचं होतं. किती जायचं होतं हे मला आज सांगतानाही जड जातं. मास्तरांनी व्हायोलिनची पेटी उघडली होती. बोलता बोलता त्यांनी ती वरची ओळ अगदी हळू वाजवली, आणि माझी डाव्या हाताची बोटं मांडीवर आपोआप खालची ओळ दाबायला लागली. मला ती आवरेनात. सबंध गाणं तिथं खोलीत उभं होतं. त्यासाठी फक्त एका दिवशी बाला ओळखायचं नव्हतं.

मी बोटं मुठीत घेतली.

"मास्तर, एक करा," मी म्हणाले. "आज संध्याकाळी आमच्या वस्तीत या. माझ्या दारात बाज टाकते. दोघं वाजवू. तुम्हाला ज्या सुरात वाटेल त्या सुरात."

त्यांनी व्हायोलिन खाली घेतलं. पेटीत ठेवलं. कड्या लावल्या.

"रावसाहेबांच्या घरच्या शिकवण्यांवर माझं घर चालतं," ते म्हणाले. "तू समजून घे."

मी समजले. त्यांचा मला राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं, एकटेपणा थोडा कमी झाला असता. ते दार गाठेपर्यंत मी त्यांच्याकडं बघत होते. मग शाळेत शिकलेलं मराठी बाजूला ठेवून मी माझ्या घरच्या बोलीत म्हणाले, "रावसायबाला सांगा, मांगाची पोरगी न्हाय म्हनली. आसंच सांगा. मडमची न्हाय, मिशनची न्हाय. मांगाची."

ते निघून गेले. पुन्हा कधी आले नाहीत.

बा त्या लग्नाला गेला. मी जाऊ नको म्हणाले, तो म्हणाला, "पोट हाय." मांडवाबाहेर बसून वाजवून आला. त्या रात्री त्यानं आणलेलं मी खाल्लं नाही आणि तो मला वाईट बोलला. त्यानंतर बरेच दिवस आम्ही एकमेकांशी नीट बोललो नाही. नकार दिला की आपली माणसं टाळ्या वाजवतात असं कुणाला वाटत असेल तर तसं काही नसतं. आपल्याच घरात आपलं ताट वेगळं पडतं.

आता मी रोज संध्याकाळी माझ्या दारात वाजवते. रस्त्यावर तोंड करून. खालचीच ओळ. आत घरघरतं. येणारे-जाणारे म्हणतात, हे काय अर्धवट. असू दे.

वरची ओळ मला अजूनही हवी आहे. ती नको असं मी कधी म्हणणार नाही, तो खोटेपणा होईल. पण ज्याला माझ्याबरोबर वाजवायचं असेल त्यानं मी कुणाची ते चारचौघांत मोठ्यानं म्हणावं आणि मग माझ्या शेजारी बसावं. माझ्या दारात नाहीतर त्याच्या घरात, पण एकाच जाजमावर. यातलं एक जरी नसेल तर मी गज उचलणार नाही. कलेक्टर आला तरी नाही, मास्तर परत आले तरी नाही, आणि कुणीच आलं नाही तर मरेपर्यंत एकटी वाजवीन.